दहा मीटर, एक स्प्रिंगवाली एअर रायफल आणि पाचशे छर्रे : पावसाळ्यातल्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

लेक नववीत आहे आणि ओपन साइट एअर रायफल मारते, म्हणजे दुर्बीण नाही, नळीच्या पुढच्या टोकावरची माशी बघून नेम धरायचा. चार महिने झाले, तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, एक दिवस गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी फुटतो. ती म्हणते रायफल, मी म्हणत होतो हात. शेवटी ठरलं की आधी रायफल आणि छर्रे यांच्याकडून रोज तेच उत्तर येतंय का ते बघायचं, हाताचं मग.

यंदा पाऊस मे संपायच्या आतच गोव्यात शिरला. अंगणात काही करता येत नाही, त्यामुळे सगळं घरातच. आमचं घर डिचोली तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. सोप्यापासून मागच्या पडवीपर्यंत सरळ वाट आहे. रायफल ०.१७७ इंची, नळी खाली दुमडून भरायची, जोर वीस जूलच्या पुष्कळ आत. म्हणून तिला परवाना लागत नाही.

डोक्यात हे खूळ भरलं ते अमेरिकेतल्या मावसभावामुळे. तो स्वतःची काडतुसं घरी भरतो. आपल्याकडे परवान्याशिवाय तसलं काही करणं सरळ गुन्हा, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. पण त्याची वही मी फोनवर पाहिली होती. प्रत्येक काडतुसाचं वजन, लांबी, तारीख. म्हटलं, छर्रे तरी तोलू.

आजची सुरुवातीची मोजणी: बसून, तांदळाच्या पिशवीवर हात टेकून, पाच-पाच छर्‍यांचे पाच ग्रुप. भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजायच्या आणि त्यातून छर्‍याचे ४.५ मिमी वजा करायचे. सरासरी १४.२ मिमी. रायफल थेट पिशवीवर टेकवली की ग्रुप वर सरकतो. स्प्रिंगच्या रायफलीला कठीण टेकू सोसत नाही, म्हणून पिशवीवर तळवा आणि तळव्यावर रायफल.

३ जून

पहिली चूक सापडली, आणि ती अंतराची. फरशा दोन फुटी समजून सोळा मोजल्या आणि 'झाले बत्तीस फूट, दहा मीटरच की' म्हणून मोकळा झालो. बत्तीस फूट म्हणजे पावणेदहा मीटर, आणि 'दोन फुटी' फरशी असते ६०० मिलिमीटरची. टेप लावला तर ९.६२ मीटर. पूर्ण दहा हवे असतील तर उभं राहायचं देवघराच्या उंबऱ्यात. आईने एका वाक्यात निकाल लावला: "बंदूक घेऊन तिथे उभा राहिलास तर मी चवथीला माहेरी जाते." आता टार्गेट पडवीच्या बाहेर पत्र्याखाली नेलंय. भिजत नाही, पण वारा लागतो. कार्ड चारी बाजूंनी चिमट्यात पकडावं लागतं.

मागे चिऱ्याची भिंत आणि वर एखादं पायपुसणं एवढं पुरेल असं मला वाटलं होतं. नाही पुरत. पहिल्या दिवशी टार्गेटमागे रबरी पायपुसणं टांगलं होतं, तर एक छर्रा त्यावरून उलटा येऊन तुळशीच्या कुंडीजवळ पडला. वेल्डिंगवाल्याकडून ३ मिमीचा पत्रा ४५ अंशात बसवलेली पेटी करून घेतली, तळाला वाळू. चारशे रुपये. छर्रा पत्र्यावर चपटा होऊन वाळूत पडतो. आता तिथे जाताना दोघांनाही डोळ्यांवर चष्मा सक्तीचा.

८ जून, रविवार

सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ऑनलाइन मागवला. एक मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो, ११५० रुपये. बाहेर धो धो पाऊस, आत उकाडा, डोक्यावर पंखा. सकाळी नऊला पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई (गोव्याचा पाव) घेतली आणि बसलो. डब्यावर ०.५३ ग्रॅम लिहिलंय. पाचशे छर्रे एकेक करून चिमट्याने उचलायचे, ठेवायचे, आकडा लिहायचा, खणात टाकायचा. औषधांच्या गोळ्यांचे आठवड्याचे दोन डबे खणांसाठी वापरले.

वेळ: पाच तास चाळीस मिनिटं. सर्वांत हलका ०.५२२, सर्वांत जड ०.५३७. मान आखडली पण समाधान अपार. 'बघ, डब्यात केवढा गोंधळ आहे' असं मी लेकीला दोनदा तरी सांगितलं.

शिशाचा विषय आहे म्हणून एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. ते टेबल जेवणाचं नको. हात साबणाने धुतल्याशिवाय पोईला हात लावायचा नाही. छर्रे ठेवायला मी स्वयंपाकघरातली वाटी घेतली होती, ती आता आईच्या आदेशाने कायमची माझी.

१५ जून, रविवार

वजनाप्रमाणे निवडलेल्या छर्‍यांचे ग्रुप. ०.५२८ ते ०.५३० वाले: १३.८ मिमी. म्हणजे १४.२ वरून १३.८. 'जड' खणातले पाच मारले: १३.५. म्हणजे टाकाऊ म्हणून बाजूला काढलेले निवडक छर्‍यांपेक्षा बरे.

संध्याकाळी चहाच्या वेळी कागदावर हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता. छर्रा सेकंदाला साधारण १६० मीटरने जातो असं धरलं तर दहा मीटरला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १९ मिमी खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला तर वेग अर्धा टक्का बदलतो, आणि छर्रा खाली येण्यात फरक पडतो साधारण ०.२ मिमीचा. टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ २.५ मिमीवर असतं. पावणेसहा तास घातले ते ०.२ मिमीसाठी.

मावसभावाचं बरोबर आहे, कारण त्याच्या काडतुसात जोर दारूचा, आणि दारू तोलता येते. माझ्याकडे दारूच्या जागी स्प्रिंग आहे, ती काट्यावर ठेवता येत नाही. मी जे तोलता येतं ते तोलत बसलो.

२२ जून, रविवार

वही लेकीने चाळली. ती म्हणाली, "बाबा, तुझे छर्रे जेवल्यावर जाड झालेत." आणि खरंच. ०.५३३ च्या वरचे जवळजवळ सगळे दुपारी दोननंतर तोललेले. सकाळचे सगळे सडपातळ.

एकच छर्रा घेतला, त्याच्या घेरावर मार्करने ठिपका दिला आणि तोच वीस वेळा तोलला. ०.५२४ पासून ०.५३४ पर्यंत आकडे आले. एकाच छर्‍याचे! म्हणजे पाचशे छर्‍यांमध्ये जो गोंधळ मला दिसला त्यातला दोन तृतीयांश काट्याचाच होता. लेकीचा शेरा: "काटा खोटारडा आहे."

मग काट्याला सुधारायला घेतलं. काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण काटा विकत घेणारा प्रत्येक जण इथेच फसतो. पंखा बंद केला, एवढ्यानेच अर्धा फरक गेला. हलतं टेबल सोडून कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला. काटा चालू करून वीस मिनिटं हात लावला नाही. वरून बरणीचं काचेचं झाकण पालथं. दर दहा छर्‍यांनंतर शून्य तपासायचं आणि ठिपकेवाला तो छर्रा ठेवून बघायचा. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. साक्षीदार ०.५३० च्या एका मिलिग्रॅमपलीकडे गेला की मागचे दहाही बाद, पुन्हा तोलायचे.

असं करून पन्नास छर्रे तोलले: ०.५२७ ते ०.५३३. डबा सरळ होता. जून महिन्यात पंखा बंद करून बसल्यावर घामाचे थेंब काट्यावर पडू नयेत म्हणून कपाळाला पंचा बांधावा लागतो, तेवढं सोसायचं.

२४ जून, मंगळवार, सांजांव (विहिरीत उड्या मारायचा गोव्यातला ख्रिस्ती सण)

छर्‍यांवर पांढुरकी भुकटी दिसली, ओलीने शिसं असंच होतं. कुठेतरी ऐकलं होतं की धुवून तेलाचा हलका हात द्यावा. भांड्यांच्या साबणाने धुतले, कागदावर वाळवले, इथपर्यंत ठीक. मग शिवणयंत्राचं तेल. 'हलका हात' म्हणजे किती हे कुणी सांगितलं नव्हतं, मी शंभर छर्‍यांच्या डबीत अख्खं टोपणभर घातलं आणि हलवलं.

पहिला बार: ठो! नळीतून निळा धूर, जळक्या तेलाचा वास, आणि छर्रा नेहमीपेक्षा वर. दुसराही तसाच. स्प्रिंग सुटली की आतली हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेने तेल पेट घेतं. प्रत्येक वेळी कमी-जास्त, आणि पिस्टनच्या सीलची वाट लागते ती वेगळी. शेजारचे बाब विहिरीवरून आलेल्या पोरांसाठी फणस कापत होते, कुंपणावरून ओरडले, "किदें रे, सांजांवाक फोग पेटयता?"

नळी कोरड्या फेल्टने पुसली आणि जवळजवळ चाळीस कोरडे छर्रे मारले तेव्हा वास गेला. शंभर तेलकट छर्रे परत साबणात. तेव्हापासून धुणंच बंद. भुकटी दिसली तर कोरड्या सुती फडक्यात घोळवायचे, संपलं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकलीय, चपलांच्या खोक्यातून निघालेली, फुकटची.

६ जुलै, रविवार, आषाढी

आईने रायफल कपाटाबाहेर काढू दिली नाही. बसल्या बसल्या दुसरं काम काढलं आणि ते सगळ्यात कामाचं निघालं.

छर्‍याचं डोकं लहान आणि मागचा पोकळ घेर मोठा. त्यामुळे तो सपाट काचेवर उतरता सोडला की सरळ जात नाही, वळत जातो, डोक्याच्या बाजूला. चांगला छर्रा दर वेळी त्याच कमानीने येतो. घेर चेपलेला असेल तर लटपटतो आणि भलतीकडे जाऊन पडतो. जुन्या फोटोफ्रेमची काच घेतली, एका टोकाखाली दोन वह्या, खाली पांढरा कागद आणि त्यावर कडेला चिकटपट्टीची भिंत. वर काठाशी पट्टी आडवी धरून दरवेळी त्याच जागेवरून छर्रा सोडायचा, बोटाने ढकलायचा नाही. नुसती पट्टी उचलायची.

अर्ध्या तासात कागदावर छर्‍यांची एक दाट रांग उभी राहिली, तळहाताएवढ्या जागेत. आणि इकडेतिकडे विखुरलेले काही. विखुरलेला एक उचलून दिव्यासमोर धरला. घेराला एका बाजूने नखाएवढी चपटी खोच. तोलताना हाच छर्रा माझ्या चिमट्यातून गेला होता, आणि त्याचं वजन होतं अगदी बरोबर, ०.५३०. खोच पडल्याने शिसं कुठे कमी होतं?

चारशे बारा छर्‍यांपैकी एकतीस बाद. बहुतेक कुरियरच्या आदळआपटीतले असावेत, डब्याच्या तळाशी स्पंज नव्हता. दीड तास लागला. साबुदाण्याची खिचडी निवून गेली.

१३ जुलै, रविवार

काचेवरून पास झालेले छर्रे, वजनाकडे न बघता: ११.९ मिमी. जूनपासूनचा पहिला खरा फरक.

मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरवर टार्गेटवरचा दिवा चालत नाही, मागच्या दाराच्या उजेडात दोन ग्रुप मारले आणि ते दोन्ही मध्यापासून सहा मिमी सरकले. ओपन साइटला हे चालायचंच, उजेड बदलला की माशीची कड डोळ्याला वेगळी दिसते. ते दोन ग्रुप हिशेबातून काढले. आता टार्गेटवर आणि माशीवर पडणारा दिवा एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतलाय.

२० जुलै, रविवार

हे लिहायला लाज वाटते. स्टॉकचे, म्हणजे रायफलीच्या लाकडी दस्त्याचे, स्क्रू ढिले होते.

रायफल आणून दीड वर्ष झालं, पुढच्या बाजूचे दोन आणि ट्रिगर गार्डजवळचे दोन, एकदाही बघितले नव्हते. पुढचा डावा अर्धा आटा फिरला, उजवा पाव. स्टॉक लाकडी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात बसतं, वर स्प्रिंगचे धक्के. घरातली दारं जून महिन्यात लागत नाहीत हे दरवर्षी बघतो, पण रायफल ही पण लाकडाचीच वस्तू आहे हे डोक्यात आलं नाही.

चारही घट्ट केले, बेताने, लाकूड चेपेल इतके नाही. मग लेकीच्या नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू फिरला.

ग्रुप: ८.६ मिमी.

दीड महिना, एक काटा, पावणेसहा तासांचं तोलणं. आणि उत्तर स्क्रू ड्रायव्हरमध्ये होतं. लेक काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. फक्त नेलपॉलिशची नवी बाटली मागितली. ऐंशी रुपये.

३ ऑगस्ट, रविवार

वास्कोच्या एका मित्राकडून वेग मोजायचं यंत्र एका दिवसासाठी आणलं. पहिले आकडे: १६३, १६५, ३४१, १६२, चूक, ५९०. रायफलीने आवाजाचा वेग ओलांडला असं क्षणभर वाटून छाती फुगली. यंत्राचे डोळे उजेडावर चालतात आणि आपल्या एलईडी ट्यूबचा उजेड डोळ्याला दिसत नसला तरी लुकलुकत असतो. ट्यूब बंद केली, बॅटरीवरचा टॉर्च यंत्राच्या छतावर लावला, आकडे शुद्धीवर आले.

तपासायचं होतं ते भरण्याबद्दल. अंगठ्याने छर्रा ढकलला तर कधी तो नळीच्या तोंडाशी बरोबर सपाट बसतो, कधी एका कडेने किंचित बाहेर राहतो. सायकलवाल्याकडून पुढच्या चाकाची एक गोळी घेतली, ४.७६ मिमीची, आणि पेन्सिलएवढ्या शिसवी लाकडाच्या काडीच्या टोकाला चिकटवली. गोळी नळीपेक्षा जरा मोठी, त्यामुळे छर्रा आत फार जाऊच शकत नाही. नेहमी तेवढाच बसतो आणि घेरही गोल राहतो. गोळी आणि गोंद मिळून वीस रुपये.

अंगठ्याने भरलेले दहा: १५८ ते १६८. काडीने भरलेले दहा: १६१ ते १६७. दहा मीटर प्रतिसेकंदाचा फरक म्हणजे टार्गेटवर उभ्यात सव्वादोन मिमी, जवळजवळ एक अख्खं वर्तुळ. सहाचा फरक म्हणजे दीडच्या आत. काडी राहिली. पहिल्या काडीची गोळी मात्र तिसऱ्या दिवशी सुटून ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या भरायच्या तोंडात, पडली, कारण साधा फेविकॉल लावला होता. इपॉक्सी लावा. आणि भरून झाल्यावर गोळी काडीला आहे ना ते बघूनच नळी बंद करा.

१७ ऑगस्ट, रविवार

छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.५० मिमी चांगला की ४.५१, हा वाद. गेल्या आठवड्यात ४.५१ चा नवा डबा आणला, १३५० रुपये. नळी स्वच्छ केली, आधी ४.५० चे चार ग्रुप, मग ४.५१ चे चार. ४.५१ जिंकले, ९.९ विरुद्ध ७.८. मी आणखी दोन डबे मागवायला निघालो होतो.

मग आठवलं. तेल जाळलं त्या दिवशीसुद्धा नळी पुसल्यावर पहिले वीस-पंचवीस छर्रे भरकटले होते. पुसलेल्या नळीत शिशाचा थर पुन्हा बसेपर्यंत असंच होतं. म्हणजे ४.५० ने नळी बसवून दिली आणि श्रेय ४.५१ ने घेतलं.

आज पुन्हा केलं. नळी न पुसता, आधी दहा छर्रे वाया घालवले. दोन्ही डब्यांतले छर्रे काचेवरून पास केलेले. लेक भरून द्यायची आणि कुठल्या डब्यातला ते मला सांगायची नाही, फक्त वहीत लिहायची. क्रम: ५०, ५१, ५१, ५०, असे दोनदा. निकाल: ४.५० चे ८.३, ४.५१ चे ८.०. एवढ्याशा फरकावर साडेतेराशे रुपये घालू नयेत. दुसऱ्याच्या रायफलीत फरक पडेलही, नळी नळीवर आहे. पण तपासणार असाल तर डबे अदलून-बदलून मारा आणि मारणाऱ्याला कळू देऊ नका.

३१ ऑगस्ट, रविवार

चवथीच्या धामधुमीत पाच दिवस रायफल बंद. गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी उतरवली त्याच दोरीवर आता टार्गेटचे चिमटे सुकतायत.

झालेला खर्च: काटा ११५०, छर्‍यांचे दोन डबे २७००, व्हर्नियर ४५०, पेटी ४००, नेलपॉलिश ८०, गोळी-गोंद २०. एकूण ४८००. पहिला डबा लागणारच होता, तो सोडला तर ज्याने ग्रुप सुधारला त्याचा खर्च शंभर रुपये. काटा आता महिन्यातून एकदा निघतो, नव्या डब्यातले वीस छर्रे तोलून डबा साधारण सारखा आहे एवढं बघायला.

लेकीचं उभं राहून मारणं वेगळं लिहीन. एवढंच नोंदवतो की तिचा ग्रुप आजही फुटला, आणि या वेळी तिने रायफलीचं नाव घेतलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

चार दिवस पाऊस नाही. सकाळी रायफल काढली तर पुढच्या डाव्या स्क्रूवरची लाल रेघ लाकडावरच्या रेघेपासून केसभर सरकलेली. लाकूड बसायला लागलं. पुन्हा जुळवली, पाच छर्रे मारले, ८.४.

मग पहिल्या डब्याच्या तळाचा लॉट नंबर वाचून दुकानात फोन केला, त्याच लॉटचे चार डबे द्या म्हणून. तो लॉट जुलैतच संपला. नव्या लॉटचे दोन सांगितलेत. येतील तेव्हा काच पुसून ठेवतो.